सीपॅप लावूनही झोप होत नाही? आधी रात्र कुठे उसवते ते शोधा

मशीन घरी येऊन तीन आठवडे झाले होते. पहाटे साडेतीनला जाग आली तेव्हा मास्क माझ्या मुठीत होता आणि पलंगाशेजारी मशीन नुसतंच वारा फेकत होतं. मास्क कधी काढला, का काढला, काही म्हणजे काही आठवत नव्हतं. त्या आठवड्यातली ही चौथी खेप. पलंगाच्या कडेवर बसलो आणि रडू आलं. एवढं सगळं तोंडाला बांधून झोपायचं आणि सकाळी डोकं पुन्हा जडच, मग हा खटाटोप कशासाठी?

सीपॅप म्हणजे ट्यूब आणि मास्कमधून दाबाने हवा देऊन झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन. ते नव्याने लावू लागलेल्या अनेकांचे पहिले काही आठवडे असेच जातात. मनात एकच वाक्य घोळत राहतं: 'मला हे मशीन सूट होत नाही.' माझी कळकळीची विनंती आहे, त्या वाक्यापाशी थांबू नका. मशीन कपाटात टाकण्याआधी रात्र नेमकी किती वाजता आणि कशाने उसवते ते शोधा. माझ्या बाबतीत कारण निघालं ट्यूबचं ओझं. डाव्या कुशीवर वळलो की ट्यूब पलंगाच्या कडेला अडकायची, मास्क एका बाजूला ओढला जायचा, डोळ्यात हवा लागायची आणि मी अर्धवट झोपेत तो उपसून काढायचो. ट्यूब उशाकडून, डोक्याच्या वरून सोडली आणि त्या आठवड्यापासून पहाटेची जाग थांबली. पण हे कळायला मला पाच आठवडे लागले, कारण तोवर मी प्रेशरलाच दोष देत बसलो होतो. तुमचे ते आठवडे वाचावेत म्हणून हे लिहितो आहे.

मशीन करतं तरी काय

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. अडथळ्याचा स्लीप अ‍ॅप्निया असलेल्या माणसाची श्वासाची वाट तेवढ्यानेच मिटते. श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, वाट उघडते आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. सीपॅप त्या वाटेत हवेचा सतत दाब ठेवतं, म्हणून ती मिटत नाही. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवरचा अनुभव 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. मशीनं तेव्हापासून खूप लहान आणि शांत झाली, मूळ युक्ती तीच आहे.

हा दाब पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात. १० प्रेशर म्हणजे किती, हे अनुभवायचं असेल तर उंच पेल्यात पाणी घ्या, स्ट्रॉ १० सेंटीमीटर खोल बुडवा आणि फुंकून बुडबुडे काढा. जेवढा जोर लागला, तेवढा तो दाब. म्हणजे फार नाही. म्हणूनच मास्कच्या कडेला पडलेली छोटीशी फटही सगळा उपचार पातळ करून टाकते.

पहिली पायरी: सकाळची दोन मिनिटं

उशाशी वही ठेवा. सकाळी उठल्याबरोबर, आठवण ताजी असतानाच, चार गोष्टी लिहा: अंदाजे किती वाजता जाग आली, जाग आली तेव्हा कुठल्या अंगावर होतो, तोंड कोरडं होतं का, मास्क चेहऱ्यावर होता का. मग मशीनच्या पडद्यावर किंवा मोबाइल अ‍ॅपमध्ये तीन आकडे दिसतील तेही उतरवा: वापराचे तास, लीक (मास्कमधून निसटलेली हवा) आणि एएचआय.

एएचआय म्हणजे तासाला सरासरी किती वेळा श्वास पूर्ण अडला किंवा बराच उथळ झाला, तो आकडा. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त टिकलेला अडथळाच त्यात धरतात. उपचाराविना ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र मानतात. मशीन लावल्यावर तो ५ च्या खाली असावा, अशी अपेक्षा असते.

इथे नवखा माणूस हमखास फसतो. एएचआय ही सरासरी आहे. समजा तुम्ही सहा तास मशीन लावलं आणि एएचआय ३ आला. म्हणजे रात्रभरात १८ अडथळे. ते १८ सहा तासांत विखुरलेले असतील तर फारशी चिंता नाही. पण त्यातले १५ पहाटे पाच ते साडेपाचच्या दरम्यान ओळीने आले असतील, तर त्या अर्ध्या तासाने तुमची सकाळ नासवली आणि आकडा मात्र हिरवाच दिसतो. दुसरं म्हणजे, मास्क काढलेल्या वेळाची मोजणी मशीन करतच नाही. चार तास मास्क, तीन तास बिनमास्क, आणि पडद्यावर एएचआय २! त्या तीन तासांत काय झालं हे त्या आकड्यात कुठेच नाही. मला विचाराल तर पहिल्या महिन्यात एएचआयपेक्षा वापराचे तास आणि लीक यांच्याकडेच जास्त लक्ष द्यावं.

तुमच्या मशीनमध्ये एसडी कार्ड असेल तर ऑस्कर नावाचं मोफत सॉफ्टवेअर बऱ्याच मशीनांचा मिनिटामिनिटाचा आलेख कॉम्प्युटरवर दाखवतं. अडथळे कुठल्या वेळी गोळा झाले, लीक कधी उसळली, हे त्यात लख्ख दिसतं. मात्र तो आलेख पाहून आपणच आपले डॉक्टर होऊ नये. त्याचा उपयोग वहीतल्या नोंदींशी ताडून बघायला.

आणि एक नियम आत्ताच पाळायला घ्या: एका वेळी एकच बदल, आणि तो निदान तीन-चार रात्री तसाच ठेवा. नवा मास्क, नवी उशी आणि वाढवलेला ह्युमिडिफायर (मशीनची हवा दमट करणारी पाण्याची सोय) एकाच रात्री आणलात तर गुण कशाचा आणि दोष कशाचा, कधीच कळणार नाही.

दुसरी पायरी: हवा कुठून निसटते

माझा अनुभव असा की दहा तक्रारींपैकी बऱ्याचशा शेवटी इथेच येऊन ठेपतात. म्हणून इथे घाई करू नका.

आधी हे ओळखा की प्रत्येक मास्कला मुद्दाम ठेवलेली बारीक छिद्रं असतात. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथून बाहेर जातो. तिथून येणारा सौम्य वारा म्हणजे बिघाड नव्हे. ती छिद्रं कधीही बंद करू नका, पांघरुणानेही नाही. आपल्याला शोधायची आहे ती कडेने निसटणारी हवा. त्यातही कंपन्यांची मोजायची पद्धत वेगवेगळी आहे. रेसमेडची मशीनं छिद्रांतून जाणारी हवा वजा करून उरलेली लीक दाखवतात आणि तिथे मिनिटाला २४ लिटर ही वरची मर्यादा धरतात. काही मशीनं छिद्रांसकट सगळा आकडा दाखवतात, तो साहजिकच मोठा दिसतो. म्हणून दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा जुळवत बसू नका.

आता मास्क बसवायचा. बहुतेक जण आरशासमोर उभं राहून तो घट्ट करतात. पण उभ्याने असलेला चेहरा आणि आडवं पडल्यावरचा चेहरा एक नसतो. गाल मागे सरकतात, जबडा सैल पडतो. म्हणून असं करा. चेहरा साबणाने धुऊन कोरडा करा, रात्री क्रीम लावत असाल तर मास्क टेकतो तेवढी जागा वगळा. पट्टे सैल ठेवून आडवे व्हा, डोकं नेहमीच्या उशीवर टेकवा आणि मशीन सुरू करा. मशीनमध्ये मास्क तपासायची सोय असेल तर तीच वापरा, कारण ती झोपेतल्यासारखं प्रेशर देते. हवा येत असतानाच मास्क दोन बोटांनी चेहऱ्यापासून अलगद उचला आणि परत टेकवा. हवेने कुशन, म्हणजे मास्कची चेहऱ्याला टेकणारी मऊ कडा, फुगतं आणि चेहऱ्याच्या वळणावर आपोआप बसतं. मग पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे ओढा. हवा थांबली की तुम्हीही थांबा. आता डाव्या कुशीवर वळा, उजव्या कुशीवर वळा, तोंड जरा उघडून मिटा. कुठे फुसफुसलं तर त्याच बाजूचा पट्टा किंचित ओढा.

जास्त आवळलं की लीक कमी होईल, असं वाटतं. होतं उलट. आवळलेलं कुशन चुरगळतं, त्याची फुगायची जागा संपते आणि सुरकुतीतून हवा निसटायला लागते. सकाळी नाकाच्या दांडीवर लाल वण दिसत असेल तर पट्टे नक्कीच जास्त आवळलेत किंवा माप चुकलंय. वण दिवसभर टिकत असेल, सालं निघत असेल तर त्याच मास्कने पुढची रात्र काढू नका. नाकाच्या दांडीला न टेकणारे मास्क मिळतात, ते बघा. दाढी राखणाऱ्यांना नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क बहुधा जास्त मानवतो, कारण केसांवर कुशन नीट चिकटत नाही.

काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाची बकलं असतात. तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर बसवलेला असेल, किंवा शरीरात चुंबकाचा परिणाम होईल असं काही उपकरण असेल, तर असा मास्क घेण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

कुशन सिलिकॉनचं असलं तरी चेहऱ्याच्या तेलाने ते काही महिन्यांत लिबलिबीत होतं. सहा महिने छान चाललेला मास्क अचानक फुसफुसायला लागला तर आधी कुशनचं वय आठवा.

ट्यूबचं माझं रडगाणं वर सांगितलंच. उशाच्या बाजूला, डोक्यापेक्षा उंच जागी एक हूक लावा आणि ट्यूब त्यावरून सोडा. रात्री वळायला निदान हातभर सैल राहू द्या.

तिसरी पायरी: नाक आणि तोंड

सकाळी जीभ टाळूला चिकटलेली, ओठ सुकलेले, घसा खरखरीत. नाकाचा मास्क वापरणाऱ्याला हे होत असेल तर हवा तोंडातून निसटते आहे, असं खुशाल समजा. शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा. माझ्या बायकोला रात्री 'फुर्र' असा ओठांचा आवाज यायचा, मला त्याचा पत्ताही नव्हता. आलेखात अशी लीक ठरावीक वेळी वर चढते, बराच वेळ तिथेच राहते आणि एकदम खाली येते.

यावर पहिला प्रश्न: नाक मोकळं आहे का? नाक चोंदलं की तोंड उघडणारच, त्यात तोंडाचा दोष नाही. झोपण्याआधी मिठाच्या पाण्याचा स्प्रे किंवा तयार द्रावणाने नाक धुणं, ह्युमिडिफायर थोडा वाढवणं, अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांकडून तिच्यासाठीचा स्प्रे घेणं, एवढ्याने पुष्कळ जणांचं तोंड आपोआप मिटतं. नाक मोकळं करणारे औषधी थेंब मात्र रोज वापरू नका. ते काही दिवसांत उलटतात आणि नाक आणखी चोंदायला लागतं.

नाक मोकळं असूनही तोंड उघडत असेल तर हनुवटीचा पट्टा काहींना उपयोगी पडतो, सगळ्यांना नाही. नाहीतर सरळ नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क घ्यावा. त्यात कमीपणा काहीच नाही. ओठांवर टेप लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो धोक्याचा वाटतो. रात्रीत नाक चोंदलं किंवा उलटी झाली तर तोंड तत्काळ उघडता यायला हवं. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

चौथी पायरी: पाणी

ह्युमिडिफायर कमी पडला की नाक कोरडं, शिंका, कधी नाकातून रक्त. जास्त झाला आणि खोली गार असली की ट्यूबमध्ये पाणी साचतं. मध्यरात्री नळीत गुळगुळ आवाज येतो आणि अचानक नाकावर थंड थेंब पडतो. पहिल्यांदा झालं तेव्हा मी घाबरून उठून बसलो होतो. आतली दमट हवा गार नळीत थंड होते आणि तिचं पाणी होतं, एवढंच ते आहे. आर्द्रता एक घर खाली आणा. गरम होणारी ट्यूब असेल तर तिचं तापमान थोडं वाढवा, नसेल तर ट्यूबला कापडी खोळ चढवा किंवा ती पांघरुणाखालून घ्या. मशीन पलंगापेक्षा खालच्या पातळीवर ठेवा, म्हणजे साचलेलं पाणी नाकाकडे न येता मागे जाईल.

टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला. साध्या पाण्यातले क्षार तळाशी पांढरे बसतात. सकाळी उरलेलं पाणी फेकून टाकी वाळू द्या.

पाचवी पायरी: प्रेशर, पण आता

लीक आटोक्यात आल्याशिवाय प्रेशरबद्दल निर्णय घेऊ नये, म्हणून हे इतक्या उशिरा सांगतो. प्रेशरच्या तक्रारी दोन टोकांच्या असतात.

एक: मास्क लावल्याबरोबर गुदमरतं, हवा पुरत नाही. याला प्रेशर जास्त आहे असं समजून लोक ते कमी करायला धावतात. बहुतेक वेळा ते फार कमी असतं. आपोआप कमी-जास्त होणारी मशीनं अनेकदा ४ ते २० अशा मोकळ्या मर्यादेत सोडलेली असतात आणि ४ वर मोठ्या माणसाला हवा अपुरी वाटू शकते. शिवाय खालचं टोक फार खाली असेल तर मशीन अडथळा आल्यानंतर वर चढायला लागतं. ते चढेपर्यंत दोन-चार अडथळे होऊन गेलेले असतात. ही खालची मर्यादा वाढवावी का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. 'रॅम्प' म्हणजे सुरुवातीला कमी प्रेशर ठेवून हळूहळू वाढवण्याची सोय. तुम्हाला सुरुवातीलाच गुदमरत असेल तर रॅम्प बंद करून किंवा त्याचं सुरुवातीचं प्रेशर वाढवून बघा.

दोन: श्वास सोडताना वाऱ्याविरुद्ध फुंकल्यासारखं वाटतं. यासाठी उच्छ्वासाच्या वेळी दाब थोडा उतरवणारी सोय बहुतेक मशीनांत असते. ती एकेक घर वाढवून बघा.

माझं मत असं: रॅम्प, उच्छ्वासाची सवलत, आर्द्रता, तापमान या आरामाच्या गोष्टी आहेत, त्या स्वतः हाताळा. उपचाराचं प्रेशर हे औषधाच्या डोससारखं आहे, ते डॉक्टरांशी बोलूनच बदला.

पोटात हवा जाणं हाही प्रेशरचाच भाऊबंद. सकाळी पोट ढोलासारखं, ढेकरांवर ढेकर. दाबाखालची हवा अन्ननलिकेत शिरते. कुशीवर झोपणं, उशाकडची बाजू थोडी उंच करणं, उच्छ्वासाची सवलत वाढवणं यांनी फरक पडतो. छातीत जळजळतही असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, दोन्हींचा संबंध असू शकतो. एवढ्यानेही कमी झालं नाही तर कमाल प्रेशर थोडं खाली आणता येईल का, हे डॉक्टर बघतील.

सहावी पायरी: उशी

हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. उंच उशीवर उताणं झोपलं की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट वाकते. बागेतला पाण्याचा पाइप मुडपावा तसं होतं. मुडपलेल्या पाइपमध्ये कितीही जोर लावला तरी पाणी पुढे जात नाही आणि मशीन मात्र प्रेशर वाढवत राहतं. अडथळे झुबक्यांनी येत असतील, एका तासात दहा आणि पुढचे दोन तास एकही नाही, तर आधी उशी बदला. माझ्या थोरल्या भावाचं प्रेशर दोनदा वाढवून झालं होतं. शेवटी त्याने एकावर एक ठेवलेल्या दोन उशांतली एक काढली आणि झुबके विरळ झाले.

पाठीवर झोपल्यावरच त्रास होणारे पुष्कळ असतात. पाठीमागे लांबट तक्क्या लावून कुशीवर झोपायची सवय करा.

सातवी पायरी: पहाट राखा

स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. त्या झोपेत स्नायू सगळ्यात सैल असतात, त्यामुळे अनेकांचा अ‍ॅप्निया तेव्हाच सगळ्यात वाईट असतो. म्हणून 'चार तास तरी लावला ना' या समाधानात राहू नका. साडेतीनला मास्क काढून सातपर्यंत झोपलात तर नेमकी ज्या वेळी मशीनची गरज सगळ्यात जास्त, तीच वेळ उघडी पडते आणि तुम्ही उठता ते थेट त्यातूनच. डोकं जड राहणारच.

लघवीला उठलात तर परतल्यावर मास्क लावूनच आडवे व्हा, 'पाच मिनिटं पडतो' म्हणूनही नको. झोपेत मास्क निघत असेल तर मास्क निघाल्यावर वाजणारा गजर बऱ्याच मशीनांत असतो, तो चालू करा. दुपारच्या डुलकीलाही मास्क हवा.

मास्कची धास्ती वाटत असेल तर तिच्याशी रात्री झुंजू नका. दिवसा, जागेपणी, बसल्या बसल्या सवय करा. पहिले दोन दिवस नुसता मास्क हाताने नाकाशी धरा, पट्टे नकोत, मशीन नको. मग मशीन चालू करून धरा. मग पट्टे लावून वाचत किंवा टीव्ही बघत पंधरा मिनिटं. जीव घाबरला की काढा, शांत झालात की परत लावा. पट्टा एका हाताने क्षणात सुटतो, हे बोटांना पाठ झालं की भीती अर्धी होते.

आकडे चांगले, तरीही झोप नाही

लीक कमी, तास पुरेसे, एएचआय २. तरीही रात्री टक्क डोळे किंवा दिवसभर पेंग. इथे मशीनला सोडा आणि बाकीच्या झोपेकडे बघा.

वर्षानुवर्षं तुटक झोपलेल्या माणसाला अंथरुणात पडल्या पडल्या जागं राहायची सवय लागलेली असते. अ‍ॅप्निया आणि निद्रानाश एकाच माणसात सर्रास सापडतात आणि मशीन फक्त पहिल्यावर काम करतं. दुसऱ्यासाठी सीबीटी-आय नावाची गोळ्यांविना केलेली उपचारपद्धत आहे. तिची साधी सूत्रं आजपासून पाळता येतील: उठायची वेळ रोज एक, झोप आल्यावरच पलंगावर जायचं, वीसेक मिनिटं झोप लागत नाही असं वाटलं तर उठून मंद उजेडात बसायचं, रात्री घड्याळ आणि मशीनचे आकडे बघायचे नाहीत. दारू आणि काही झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात, तेव्हा कुठल्याही गोळ्या डॉक्टरांना सांगूनच घ्या.

संध्याकाळी पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं असेल तर ते वेगळं दुखणं आहे. रक्तातलं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासायला सांगा. थायरॉईड, नैराश्य, चालू असलेली औषधं, हीही पेंगेची कारणं असतात. आणि यातलं काहीच नसेल तर थोडा धीर धरा. काहींना पहिल्याच आठवड्यात उजाडल्यासारखं वाटतं, काहींना दोन-तीन महिने लागतात.

आकड्यांत एक वेगळी ओळ दिसू शकते, 'सेंट्रल' किंवा 'क्लिअर एअरवे'. यात वाट उघडी असते, पण मेंदूकडून श्वासाचा निरोपच येत नाही. जागेपणी कूस बदलताना धरलेला श्वासही मशीन कधी कधी यात मोजतं. सीपॅप सुरू केल्यावर असे प्रकार काही जणांत उद्भवतात आणि बऱ्याचदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप ओसरतात. ते टिकून राहिले किंवा वाढले तर डॉक्टरांकडे जा. त्यांच्यासाठी वेगळी मशीनं असतात, पण ती परस्पर आणायची नाहीत. हृदयाची पंप करण्याची ताकद बरीच कमी झालेल्या रुग्णांत एएसव्ही प्रकारच्या (श्वासागणिक दाब कमी-जास्त करणाऱ्या) मशीनने हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढल्याचं २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं होतं.

सफाई, थोडक्यात

कुशन रोज कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने, ट्यूब आणि टाकी आठवड्यातून एकदा. फिल्टर करडा दिसला की बदला. अल्कोहोल, ब्लीच नको. ओझोनने 'निर्जंतुक' करणाऱ्या पेट्यांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्येच सावध केलं होतं, त्या नकोतच. कुणाचं जुनं मशीन हाती आलं असेल तर त्यातलं प्रेशर दुसऱ्याचं आहे हे लक्षात ठेवा, आणि मॉडेल परत मागवलेल्यांपैकी आहे का ते तपासा. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आवाज शोषणाऱ्या फोमच्या झिजेमुळे फार मोठ्या संख्येने मशीनं परत मागवली होती.

डॉक्टरांकडे जाताना

छातीत अचानक दुखणं किंवा धाप, थांबत नसलेलं नाकातलं रक्त, कानात किंवा सायनसमध्ये तीव्र वेदना, चेहऱ्याला किंवा डोक्याला मार लागणं किंवा शस्त्रक्रिया, यांत वाट बघू नका. मशीन लावावं की थांबवावं, हे त्याच दिवशी विचारा. गाडी चालवताना डोळा लागत असेल तर पेंग आटोक्यात येईपर्यंत चाक दुसऱ्याच्या हाती द्या. इथे मी कुणाचीही सबब ऐकून घेत नाही.

बाकी तक्रारींसाठी 'झोप लागत नाही' एवढंच सांगायला जाऊ नका. वहीतल्या चौदा रात्री एका पानावर उतरवा: तारीख, तास, लीक, एएचआय, जाग आल्याची वेळ, अंग, तोंड कोरडं की नाही, आणि त्या दिवशी काय बदललं. मास्क आणि पट्टे पिशवीत घालून बरोबर न्या आणि तिथे आडवं पडून लावून दाखवा. मी ते पान आणि तो मास्क टेबलावर ठेवला, तेव्हा डॉक्टरांनी 'डावी कूस' हे दोन शब्द लागोपाठ नऊ ओळींत वाचले आणि पहिला प्रश्न विचारला: 'ट्यूब कुठल्या बाजूने येते?'